नॅशव्हिल : गाण्यावर उभे राहिलेले शहर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्याची राजधानी असलेले नॅशव्हिल ‘म्युझिक सिटी’ या नावाने जगभर ओळखले जाते. कंबरलँड नदीकाठच्या या शहरात येणारे अनेक पर्यटक ब्रॉडवे या झगमगत्या रस्त्यावर एक-दोन रात्री काढून परततात. मात्र या शहराची सांगीतिक कीर्ती ज्यांनी घडविली, त्यांपैकी अनेकांच्या खुणा त्या झगमगाटाबाहेर आहेत. त्यांच्यासाठी एक दिवस राखून ठेवला, तरच हे शहर खऱ्या अर्थाने पाहिल्यासारखे होते.

काय पाहाल?

पहिले ठिकाण रायमन सभागृह. बोटमालक थॉमस रायमन यांच्या पुढाकाराने बांधलेली ही विटांची वास्तू १८९२ मध्ये प्रार्थनागृह म्हणून खुली झाली. चर्चमधील लाकडी बाके आजही तेथे आहेत. १९२५ मध्ये सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम १९४३ ते १९७४ या काळात येथूनच होत असे. त्यानंतर ओस पडलेली ही वास्तू पाडण्याचाही विचार झाला. पण ती वाचली आणि डागडुजीनंतर १९९४ मध्ये पुन्हा गजबजली. ऑप्री नव्या सभागृहात गेली, तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा एक गोलाकार तुकडा कापून नव्या मंचात बसविण्यात आला. २०१० च्या महापुरात तो पाण्याखाली गेला होता. दुरुस्त करून तो पुन्हा जागेवर बसविण्यात आला असून, त्यावर उभे राहून गाणे हा गायक आपला सन्मान मानतात.

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयामार्फत ‘आरसीए स्टुडिओ बी’ पाहता येतो. एल्विस प्रेस्ली यांनी येथे दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. सेंटेनियल पार्कमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची मूळ आकारातील प्रतिकृती असून, आत अथेना देवीची सुमारे १३ मीटर उंचीची मूर्ती आहे.

ब्रॉडवेपलीकडचे शहर

गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये स्थापन झालेले फिस्क विद्यापीठ पाचच वर्षांत आर्थिक अडचणीत सापडले. तेव्हा नऊ विद्यार्थी गाणी गाऊन निधी जमविण्यासाठी १८७१ मध्ये दौऱ्यावर निघाले. गुलामीच्या काळातील भक्तिगीते त्यांनी अमेरिकेत आणि पुढे युरोपातही पोहोचविली. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरिया यांच्यासमोरही ते गायले. त्या निधीतून उभा राहिलेला, १८७६ मध्ये पूर्ण झालेला ‘ज्युबिली हॉल’ आजही विद्यापीठाच्या आवारात दिमाखाने उभा आहे.

जवळच्या जेफरसन स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या मध्यावर कृष्णवर्णीयांचे संगीत क्लब गजबजलेले असत. जिमी हेंड्रिक्स उमेदवारीच्या काळात येथे वाजवीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराज्य महामार्ग या वस्तीतून नेण्यात आला. घरे, दुकाने आणि क्लब त्यात गेले. आज तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. मात्र ती उणीवच या शहराच्या इतिहासाचा भाग आहे. २०२१ मध्ये ब्रॉडवेलगत सुरू झालेल्या आफ्रिकन अमेरिकन संगीताच्या राष्ट्रीय संग्रहालयामुळे हा वारसा शहराच्या मध्यवर्ती भागात आला आहे.

गाणे कोठे ऐकाल?

ब्रॉडवेवरील ‘हॉन्की-टॉन्क’ म्हणविल्या जाणाऱ्या मद्यगृहांत सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत गाणे सुरू असते. बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसते. वादकांची मिळकत मोठ्या प्रमाणात श्रोत्यांच्या बक्षिसीवर अवलंबून असते. त्यामुळे फिरवली जाणारी बादली समोर आली, की तीत काही डॉलर अवश्य टाकावेत. रात्री अनेक ठिकाणी २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश मिळत नाही. शांतपणे ऐकायचे असेल, तर १९८२ पासून सुरू असलेले ‘ब्लूबर्ड कॅफे’ गाठावे. सुमारे ९० आसनांच्या या जागेत गीतकार गोलाकार बसून स्वतःची गाणी गातात आणि गाणे चालू असताना बोलणे खपवून घेतले जात नाही. आपल्याकडील बैठकीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. आसने आधी राखून ठेवणे आवश्यक आहे.

काय खाल?

‘हॉट चिकन’ ही शहराची ओळख. लाल मिरचीच्या लेपातील हे तळलेले चिकन पावाच्या तुकड्यावर, काकडीच्या लोणच्यासह मिळते. रात्री उशिरा घरी येणाऱ्या प्रिन्स नावाच्या गृहस्थाला अद्दल घडविण्यासाठी त्याच्या मैत्रिणीने चिकनमध्ये भरमसाट मिरची घातली. त्याला मात्र ते आवडले, अशी आख्यायिका आहे. कोल्हापुरी तिखटाची सवय असलेल्यांनीही प्रथम मध्यम तिखट मागवावे. ‘मीट अँड थ्री’ म्हणजे एक मांसाहारी पदार्थ व तीन भाज्यांचे ताट. शाकाहारी व्यक्तींनी चौकशी अवश्य करावी. कारण पालेभाज्या व घेवड्यातही अनेकदा डुकराचे मांस घातलेले असते.

कोठे राहाल?

ब्रॉडवेजवळची हॉटेले सोयीची, पण महाग. शुक्रवार-शनिवारी दर चढतात. रविवार ते गुरुवार ते तुलनेने उतरतात. कर आणि वाहनतळाचे शुल्क वेगळे पडते, हे हिशेबात धरावे. १९०० मध्ये सुरू झालेल्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत आता हॉटेल आहे. विमानतळ परिसरात स्वस्त पर्याय मिळतात. मुंबईहून थेट विमान नाही आणि शहरात लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वेही नाही. मेम्फिस मोटारीने सुमारे तीन तासांवर आहे. एप्रिल-मे व ऑक्टोबर हे महिने हवामानाच्या दृष्टीने उत्तम. बेल्व्ह्यू भागातील श्री गणेश मंदिर भारतीय प्रवाशांना घरची आठवण करून देते.