तिबेटमधील इंग्रजी रुपया : अंमलाविना पसरलेले नाणे

मध्ययुगीन राज्यव्यवहारात खुत्बा आणि सिक्का ही सार्वभौमत्वाची दोन प्रमुख लक्षणे मानली जात. ज्याचे राज्य त्याचे नाणे, असा संकेत होता. परंतु नाणे राज्याच्या सीमेवरच थांबते असे नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत पाडलेला रुपया तिबेटात, विशेषतः पूर्वेकडील खाम प्रदेशात, सर्रास चालू लागला. तेथे इंग्रजांचा अंमल नव्हता. खामवर चीनचे चिंग साम्राज्य आणि ल्हासाचे शासन या दोघांचाही दावा होता.

रुपयाच्या या प्रसाराचे मूळ जुन्या नाण्यांवरील अविश्वासात सापडते. नेपाळचे मल्ल राजे तिबेटसाठी चांदीची नाणी पाडीत. पुढे त्यांत भेसळ वाढली. गोरखा सत्ता आल्यावर जुन्या व नव्या नाण्यांच्या दरावरून तंटा झाला आणि १७८८ व १७९१ मधील युद्धांमागे हेही एक कारण होते. १७९२ मध्ये चिनी सैन्याने गोरख्यांना मागे रेटले. त्यानंतर ल्हासा येथे चिंग सम्राटाच्या नावाने नाणी पाडली जाऊ लागली. तथापि मोठ्या व्यापाराला ती पुरेशी नव्हती. तेथे चांदीच्या लगडी तोलूनच व्यवहार होई.

याउलट १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन आणि चांदीचे प्रमाण बारा भागांत अकरा असे ठरले. महाराष्ट्रात ज्याला ‘कलदार’ म्हणत, तो यंत्रावर पाडलेला हा रुपया तोलावा लागत नसे, मोजला की पुरे. तिबेटी लोकर हिंदुस्थानात जाई आणि तिच्या मोबदल्यात रुपये येत. तेच रुपये पुढे दार्त्सेदो (आजचे कांगडिंग) येथील चहाच्या बाजारात पोहोचत. ल्हासात स्थायिक झालेले काश्मिरी मुस्लिम व नेवार व्यापारीही हिमालयापलीकडच्या व्यापारात होते. सुटे नाणे नसल्यास रुपयाचे छिन्नीने दोन तुकडे करीत. नाण्यावरील राणी व्हिक्टोरियाचा मुकुट लोकांना भटक्या लामाच्या टोपीसारखा वाटे, असे सांगितले जाते. नाण्यावर कोण आहे यापेक्षा त्यात चांदी किती आहे, याला महत्त्व होते.

चिनी अधिकाऱ्यांना मात्र हा राजकीय धोका वाटला. त्यांनी १९०२ पासून सिचुआनमध्ये रुपयाच्याच घाटाची नाणी पाडली आणि त्यांवर राणीच्या जागी ग्वांगशू सम्राटाची मुद्रा घातली. चिनी नाण्यांवर सम्राटाचे चित्र घालण्याची परंपरा नसताना हे घडले, यावरून स्पर्धेची तीव्रता लक्षात येते. ही नाणी १९४२ पर्यंत निघत राहिली; पण उत्तरोत्तर त्यांतील चांदी घटत गेली आणि त्याबरोबर त्यांची पतही.

दरम्यान यंगहजबंडच्या लष्करी मोहिमेनंतर १९०४ च्या ल्हासा करारात तिबेटवर दंड लादला गेला, तोही रुपयांत : ७५ लाख, दरसाल एक लाख याप्रमाणे. पुढे तो २५ लाखांवर आणला गेला. ही रक्कम तिबेटऐवजी चीनने तीन हप्त्यांत भरली. त्यामागे तिबेटवरील आपले वर्चस्व दाखविण्याचा हेतू होता. १९०८ मध्ये शेवटचा हप्ता मिळाल्यावर इंग्रजांनी चुंबी खोरे सोडले. अशा रीतीने वर्चस्वाचा दावाही परक्या नाण्यातच मोजला गेला. चिंग सत्ता कोसळल्यावर तेराव्या दलाई लामांच्या शासनाने स्वतःची नाणी व नोटा काढल्या, यामागेही सार्वभौमत्वाचीच जाणीव होती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नाण्याच्या प्रसाराचा नकाशा आणि सत्तेचा नकाशा एकच समजणे चुकीचे ठरते. खाममधील ज्या चहाच्या व्यापाऱ्याने रुपया स्वीकारला, त्याने इंग्रजांचे राज्य स्वीकारले नव्हते. ज्याने सिचुआनचे नाणे घेतले, त्यानेही सम्राटाचा हक्क मान्य केला होता असे नाही. मुद्रा हुकमाने बदलता येते. परंतु विश्वास मात्र धातूच्या शुद्धतेने आणि वजनाच्या सचोटीनेच मिळवावा लागतो.