मुलांच्या पथकात आई : स्काऊटचा थोडा इतिहास



पेण काय, रोहा काय, आपल्याकडे 'स्काऊट' म्हटलं की शाळाच डोळ्यांसमोर येते. खाकी किंवा निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, पी.टी.च्या सरांच्या हातातली शिट्टी आणि वर्षातून एकदा 'खरी कमाई'. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुलं भेळ, कोकम सरबत आणि पेणचे पोहे विकतात. आपली व्यापाऱ्यांची पोरं त्यात बरोबर पुढे असतात, ते सोडा. पण शाळेबाहेरही स्काऊटचं पथक काढता येतं, त्याला ओपन ग्रुप म्हणतात आणि तो पालकही चालवू शकतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

रविवारच्या पाठशाळेत आम्हा आयांमध्ये सध्या हाच विषय चालू आहे. पाच ते दहा वर्षांची, म्हणजे 'कब-बुलबुल' वयाची मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. पथक काढायचं तर लीडर कोण होणार? 'हे मास्तरांचं काम, नाहीतर पुरुषांचं' ही एक शंका. दुसरी अधिक खोल, आणि ती घरातल्या मोठ्यांनी काढली. प्रतिज्ञेत 'ईश्वर' शब्द आहे. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर आपण मानत नाही. मग मुलाला ती प्रतिज्ञा कशी द्यायची, आणि स्वतः लीडर होताना आपण तरी कशी घ्यायची? शिबिरातलं रात्रीचं जेवण, कांदा-बटाटा हे प्रश्न आहेतच. म्हणून मी थोडं मागे जाऊन वाचलं. वाचल्यावर दोन्ही शंकांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी. नोकरीची सुरुवात त्यांनी हिंदुस्थानातच, लखनौला केली. 1899 मध्ये त्यांचं टेहळणीवरचं पुस्तक निघालं ते सैनिकांसाठी. मुलांचा त्यात काही संबंध नव्हता. ते मुलांकडे कसं आलं याची गोष्ट बेडन-पॉवेल स्वतः सांगत. ॲलनबी नावाचे एक सेनाधिकारी एकदा घोड्यावरून घरी परतत होते. वाटेत झाडावरून त्यांच्या लहान मुलाचा आवाज आला : तुम्ही मेलात, मी इथे दबा धरून बसलो होतो आणि तुम्ही वर पाहिलंच नाही! त्यांनी मान वर केली, तर मुलगा फांदीवर आणि त्याच्याही वरच्या फांदीवर त्याला घरी शिकवणाऱ्या बाई. या बाई शार्लट मेसन यांच्या ॲम्बलसाइडच्या प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या. सैनिकांचं ते पुस्तक तिथे मुलांना निरीक्षण शिकवण्यासाठी वापरत असत.

मला ही गोष्ट फार आवडते. 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर झालं, 1908 मध्ये मुलांसाठीचं पुस्तक पाक्षिक भागांत निघालं, हे सगळं पुढचं. त्याआधीच घरात मुलाला वाढवणारी एक बाई झाडावर चढून बसली होती.

लहान मुलांच्या विभागात तर बायकांचा वाटा याहून सरळ आहे. स्काऊट झालेल्या मोठ्या भावांच्या मागे धाकटे लागायचे, त्यांना घ्यायचं कुठे हा प्रश्न होता. तेवढ्यात 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. स्काऊट मास्तर असलेले तरुण आघाडीवर गेले. पोरं मात्र इथेच होती, आणि ती सांभाळायला बायका पुढे आल्या. त्यांच्यातल्या व्हेरा बार्कले ऐन विशीतल्या. स्त्रियांनी कब कसे सांभाळावेत यावर 1915 मध्ये त्यांनी संघटनेच्या मासिकात लेख लिहिला. पुढे बेडन-पॉवेल यांनी त्यांना मुख्यालयात बोलावून घेतलं आणि 1916 मध्ये कबचं पुस्तक आलं, त्याच्या घडणीत त्यांचा हात होता. मास्तर रजेवर म्हणून बाई आल्या, असं हे नाही. कबची चौकटच बायकांच्या हातून उभी राहिली. आपल्याकडे आजही या कामाच्या पदाचं नाव 'लेडी कब मास्टर' आहे.

त्या चौकटीत गोष्ट घातली ती किपलिंगच्या 'जंगल बुक'ची. किपलिंग मुंबईत जन्मले आणि गोष्टीतलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारचं. कबचा लीडर तो 'अकेला', कळपाचा म्होरक्या लांडगा. आपल्या इथल्या आईला पोरांनी 'अकेला' म्हणून हाक मारावी, याची मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की शब्द तर आपल्याच भाषांमधला आहे, लंडनला जाऊन परत आलेला.

भारतातला इतिहास मात्र इतका गोड नाही. 1909 मध्ये बंगळूरला पथक निघालं, 1911 मध्ये जबलपूरला गाईडचं, पण ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना तिथे प्रवेश नव्हता. सरकारला भीती अशी की शिस्त, टेहळणी आणि खुणा शिकलेली ही मुलं उद्या आपल्याविरुद्धच उभी राहतील. म्हणून आपल्या लोकांनी आपली पथकं वेगळी काढली. 1913 मध्ये शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी, त्याच सुमारास मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी. हे बोस नागपूरचे वकील, पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. 1917 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी अरुंडेल यांच्या साथीने भारतीय मुलांची संघटना काढली. त्यांच्या मुलांच्या डोक्याला साहेबी हॅटऐवजी फेटा असे. 1918 मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समिती स्काऊट संघटना उभी केली. कुंझरू हे गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे, पुढे त्याचे अध्यक्षही झाले.

नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. या माणसांची कामं बघा. वकील, समाजसेवक, संपादक. स्काऊटिंग हा यांच्यापैकी कुणाचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. आपलं काम सांभाळून, स्वतःच्या वेळात त्यांनी हे केलं. मेळ्यातल्या यात्रेकरूंना वाट दाखवणं, हरवलेल्या मुलांना घरच्यांशी भेटवणं ही सेवा समितीच्या मुलांची शिकवण होती. तंबू आणि गाठी नंतर.

1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बऱ्याच संघटना एक झाल्या, सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. 1937 मध्ये ते पुन्हा आले, दिल्लीत मोठा मेळावा झाला. त्यानंतर भारतीयांच्या स्वभावाविषयी त्यांचे काही उद्गार छापून आले आणि लोक दुखावले. कित्येकांनी संघटना सोडली. 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. ही फूट स्वातंत्र्यानंतर नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू आणि बोस यांच्या प्रयत्नाने मिटली. 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झालं आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची संघटनाही त्यात आली. शाळांमध्ये 7 नोव्हेंबरला कार्यक्रम असतो तो यासाठी.

आता प्रतिज्ञा. बेडन-पॉवेल यांच्या मूळ प्रतिज्ञेत ईश्वर आणि राजा यांच्याविषयीचं कर्तव्य होतं. स्वतंत्र भारतात राजा गेला आणि देश आला. 'ईश्वर' राहिला, पण त्याला एक टीप जोडलेली आहे : ज्याची इच्छा असेल त्याने 'ईश्वर' या जागी 'धर्म' म्हणावं. एवढंच. त्यासाठी अर्ज नाही, परवानगी नाही, कुणाला कारण सांगायचं नाही. ब्रिटनच्या स्काऊट संघटनेत ईश्वर न मानणाऱ्यांसाठी वेगळी प्रतिज्ञा यायला 2014 उजाडलं.

आपल्यात काही जणी म्हणतील, आपणही 'देव-गुरू-धर्म' म्हणतोच की, मग देव शब्दाचं एवढं काय? बरोबर आहे. अरिहंतांना आपण देव म्हणतो. पण ते जग निर्माण करत नाहीत, कुणाला पावत नाहीत, आपलं कर्म आपल्यालाच खपवावं लागतं. 'ईश्वर' म्हटल्यावर शाळेतल्या इतर मुलांच्या मनात जे येतं ते हे नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा फरक सभेत उभं राहून समजावता येत नाही. त्याला 'धर्म' म्हणू द्यावं, हे मला अधिक सरळ वाटतं. वचन द्यायचं तर जे मानतो त्याचंच द्यावं. ज्या घरात 'ईश्वर' म्हणायला हरकत नाही त्यांनी तेही म्हणावं. पथकात दोन्ही आवाज चालतात.

नियमांबद्दल तर शंकेला जागाच नाही. भारतातल्या नऊ नियमांपैकी पाचवा प्राणिमात्रांशी मैत्री आणि निसर्गावरचं प्रेम सांगतो. आठवा काटकसरीचा. नववा विचार, बोलणं आणि वागणं शुद्ध ठेवण्याचा. मन-वचन-काया हे शब्द आपली मुलं पाठशाळेत रोज ऐकतात. खटकावी अशी एकच गोष्ट मला सापडली, आणि ती मोठ्यांची आहे. पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या लीडरला लाकडी मण्यांचा वुड बॅज मिळतो, तो परंपरेने चामड्याच्या दोरीत ओवलेला असतो. तिथपर्यंत पोचले तर सुती दोरी मागेन.

मग इतकं सगळं असताना आपल्याकडे हे फक्त शाळेचं होऊन का बसलं? माझ्या मते कारण साधं आहे. शाळेत मुलं एका जागी मिळतात, पटांगण असतं, हुकूम काढता येतो. त्याने स्काऊट गावोगावी पोचलं, हा मोठाच फायदा. पण त्यात शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक काम पडलं आणि पालक गणवेशाचे पैसे भरून मोकळे झाले. माध्यमिकच्या मुलांना एक वेळ ते चालतं. सात वर्षांच्या मुलाला मात्र सोबत बसून गाठ शिकवणारं माणूस लागतं. वर्गात साठ मुलं असली की ते कुठून आणायचं?

आपल्या भागाला पगाराविना काम करणारी माणसं नवी नाहीत. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे. त्यांचे स्वाध्यायी पदरचा खर्च करून गावोगाव भक्तिफेरीला जात. आणि आपल्या पाठशाळेत शिकवणाऱ्या बायका कोणता पगार घेतात? दर रविवारी तीस पोरांना बसवून सूत्रं पाठ करून घेणं जिला जमतं, तिला चोवीस कबचा कळप जड नाही.

'तयार राहा' हे ब्रीदही आपल्याकडे भिंतीवर लिहायचं वाक्य नाही. 24 जुलै 1989 ला अंबा नदीने नागोठण्यात काय केलं ते पेण-रोह्याच्या घराघरात अजून सांगतात. पुढे 2005 चा जुलै, 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. सगळं याच जिल्ह्यात आणि सगळं जुलैमध्ये. लहान मुलांनी पुरात उतरायचं नाही, हे उघड आहे. पण घरातली कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत कुठे ठेवली आहेत, मेन स्विच कुठला, आजीला घेऊन उंचावर कुठे जायचं, आई-बाबांचा फोन नंबर पाठ आहे का, एवढं सात वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. आमच्या पथकात पहिल्या महिन्यात मी हेच घेणार आहे, गाठी नंतर.

लीडर आईच्या स्वतःच्या मुलाचं काय, हा प्रश्न उरतो. मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. तो आपल्याला 'आई' म्हणून हाक मारणार, बाकीचे 'अकेला' म्हणून. त्याला सिक्सर केलं तर लाड, नाही केलं तर अन्याय. आम्ही असं ठरवलंय की आपल्या मुलाची चाचणी आपण घ्यायची नाही, दुसऱ्या आईने घ्यायची. पाठशाळेच्या परीक्षेलाही हाच नियम आहे आणि तो चाललाय.

लीडरचं बेसिक प्रशिक्षण सात दिवसांचं निवासी असतं. आमच्यातल्या दोघी जाणार आहेत. मागे घर कोण बघणार यावर दोन्ही घरांत बोलणी झाली. एकीच्या सासूबाई रोह्याहून येऊन राहणार आहेत, दुसरीच्या घरी यजमान डबा लावणार आहेत. उकळलेलं पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचं जेवण यांविषयी शिबिरप्रमुखांना आधी पत्र लिहायचं आहे, त्याचा मसुदा मी केलाय.

मुलांचं पहिलं शिबिर एका दिवसाचंच, पर्युषण आणि दिवाळी उलटल्यावर, रोह्याला कुंडलिकेच्या बाजूच्या एका ओळखीच्या वाडीत. पेणहून सकाळच्या गाडीने जायचं. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चूल चारला पेटवायची. मेनू मूगडाळीची खिचडी, कढी आणि भाजलेले पापड. शेकोटी ठेवायची नाही, किडे येतात. गाणी आणि मोगलीची गोष्ट उजेड असतानाच, गोल बसून.