कैरोची उस्ता आणि तिचा ताफा

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, आणि कुणीतरी मोबाईलवर एक नाच लावला. झिरझिरीत पोशाख, कमरेला नाण्यांसारख्या टिकल्या, आणि नुसती कंबर अन् पोट हलतंय. बाया हसायला लागल्या, एकीने तर पदर तोंडाला लावला. एक आजी मात्र टक लावून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हसताय काय? हिची सुपारी कोण घेतं आणि पैसे कुणाच्या हातात पडतात, ते सांगा."

आजींचा प्रश्न मला सोडेना. मिळेल ते वाचलं आणि वाचता वाचता इजिप्त देशाच्या राजधानीत, कैरोत जाऊन पोचले. तिथलंच आज सांगणार आहे.

आपण ज्याला बेली डान्स म्हणतो ते नाव गोऱ्या लोकांनी ठेवलेलं. त्यांना फक्त पोट दिसलं, म्हणून पोटाचा नाच. इजिप्तमध्ये म्हणतात 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचा नाच, आणि घरगुती, गल्लीतल्या नाचाला 'रक्स बलदी', म्हणजे आपल्या मातीतला नाच. लग्नात, बारशात घरच्या बायकाच एकमेकींसमोर तो नाचत. पैसे घेऊन नाचणाऱ्या वेगळ्या.

त्या पैसे घेणाऱ्यांतही दोन थर होते. एक 'अवालिम'. एकीला म्हणायचं 'आल्मा', म्हणजे जाणती, शिकलेली बाई. या गाणाऱ्या. मोठ्या घरांत, बायकांच्या भागात बसून गायच्या. दुसऱ्या 'गवाझी', म्हणजे रस्त्यावर, जत्रेत, चारचौघांत नाचणाऱ्या. सरकार या बायकांकडून कर घेत असे. तरीही १८३४ साली तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली पाशा याने कैरोत उघड्यावर नाचायला बंदी घातली आणि नाचणाऱ्यांना दक्षिणेकडे एस्ना, केना, अस्वान अशा गावांकडे हाकललं. कर चालला, बाई चालली नाही. पुढे काही वर्षांनी बंदी सैल झाली आणि बाया परत आल्या. गंमत बघा, नंतर कैरोतल्या ज्या रस्त्यावर वाजवणारे, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या पिढ्यान् पिढ्या राहिल्या, त्या रस्त्याचं नाव मुहम्मद अली रस्ता. ज्याने हाकललं त्याच्याच नावाच्या पाटीखाली त्यांनी संसार थाटले.

आता उस्ताकडे वळते. उस्ताद या शब्दातलाच हा शब्द. ताफ्याच्या मालकिणीला उस्ता म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत मुहम्मद अली रस्त्यावर अशा कितीतरी उस्ता होत्या. लग्नघरचं माणूस उस्ताच्या घरी यायचं. किती जणी येणार, मेंदीची रात्र आणि लग्नाची रात्र दोन्ही हव्यात का एकच, वरातीत नवरीपुढे डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं झुंबर घेऊन नाचणारी हवी का, हे सगळं तिच्यासमोर ठरायचं. मग विसार घ्यायचा. विसार हातात पडल्याशिवाय तारीख पक्की नाही. आपल्याकडे तमाशाच्या सुपारीचं असंच असतं, आणि नारायणगावच्या राहुट्यांतून ज्यांनी कधी गावच्या यात्रेसाठी तमाशा ठरवलाय त्यांना हे नव्याने सांगायला नको.

विसार घेतला की पुढची सगळी जबाबदारी उस्ताची. कुणाला न्यायचं, कोण बाळंतीण आहे, कुणाचा आवाज बसलाय, पोशाख कुणाकडे आहे आणि कुणाला द्यायचा. नव्या पोरी तिच्याच घरात शिकायच्या. बऱ्याचशा मुली, भाच्या, नात्यातल्या. आधी मागे बसून टाळ्या आणि डफ, मग गाण्यात सूर धरायचा, मग नाच. लग्नघरी बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. उस्ताचा ताफा बायकांत बसायचा. पण रात्री उशिरा घरी परतायचं ते त्याच गल्ल्यांतून, आणि तिथले गुंड लग्नात शिरून दंगा करण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणून उस्ता बाई तोंडाची फटकळ आणि छातीची घट्ट लागायची. मऊ बाईचा ताफा टिकत नसे.

लग्नघरच्या माणसांसमोर एकमेकींशी बोलायचं तर या लोकांची स्वतःची गुप्त बोली होती. तिला 'सीम' म्हणत. यजमान चिक्कू आहे, पैसे कमी दिलेत, उठा आता, असं त्याच्या तोंडावर बोललं तरी त्याला पत्ता लागत नसे. आपल्या गोंधळ्यांच्या करपल्लवीची आठवण झाली मला. ते बोटांनी बोलतात, या जिभेने बोलत.

आता आजींचा खरा प्रश्न, पैसा. ठरलेली रक्कम वेगळी, आणि पाहुण्यांनी ओवाळून टाकलेले पैसे वेगळे. त्या पैशाला 'नुक्ता' म्हणतात. नुक्ता म्हणजे ठिपका, थेंब. हिंदी लिहिताना अक्षराखाली देतात तो नुक्ता, तोच शब्द. लग्नात कुणी किती नुक्ता दिला हे घरचे लोक लक्षात ठेवत, कारण त्याच्या घरच्या कार्यात तेवढा परत करावा लागे. आपली आहेराची वहीच. नाचणाऱ्यांना पडलेला नुक्ता मात्र कुणी आपापल्या कनवटीला लावायचा नाही, असा जुन्या ताफ्यांचा रिवाज होता. सगळा एकत्र करायचा आणि हिश्श्याने वाटायचा. उस्ताचा हिस्सा मोठा, कारण काम आणायचं ती आणि निस्तरायचं ती. कौतुक नाचणारीचं झालं तरी डफवालीला आणि मागे सूर धरणारीलाही वाटा मिळायचा. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. उस्ता लबाड नसायची असं मी म्हणत नाही. पण वाटणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असली की लबाडीला जागा कमी राहते.

याच काळात शहरात दुसरी वाट निघाली. बदिया मसाबनी नावाची बाई, मूळची दमास्कसकडची, नाचत-गात कैरोत आली. १९२६ साली इमाद अल-दीन रस्त्यावर तिने स्वतःचं नाट्यगृह काढलं. तिथे गाणं, नकला, नाच एकामागून एक चालत. आठवड्यातून एकदा दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी, म्हणजे ज्यांना रात्री घराबाहेर पडता येत नाही त्यांचंही तिकीट तिने मिळवलं. बाई व्यवहाराला पक्की. गल्लीतला नाच एका जागेवर उभं राहून व्हायचा. तिच्याकडे मोठा रंगमंच होता, म्हणून मुलींना फिरायला, हात उंच न्यायला, ओढणी खेळवायला शिकवलं गेलं. आज जगभर दिसतो तो बेली डान्स बराचसा तिथे घडला. ताहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी तिथूनच वर आल्या आणि पुढे सिनेमात गाजल्या.

पण तिथे मुली पगारी होत्या. हिस्सा नाही. आणि अशा रात्रीच्या अड्ड्यांवर आणखी एक काम असे: नाच झाला की गिऱ्हाइकाच्या टेबलाशी बसायचं आणि त्याला दारूच्या बाटल्या उघडायला लावायच्या. जितक्या बाटल्या तितकी मालकाची कमाई. सरकारने पुढे कायद्याने ते बंद केलं, पण नाचणारीच्या नावाला डाग लागला तो लागलाच. मुहम्मद अली रस्त्यावरच्या बाया म्हणायच्या, आम्ही त्यांतल्या नव्हेत, आम्ही लग्नघरच्या. ऐकणारा मात्र दोघींना एकाच पारड्यात टाकायचा.

बदियाचा शेवटही हिशेबानेच झाला. करांची थकबाकी अंगावर आली आणि १९५०च्या सुमारास ती गुपचूप विमानाने लेबनॉनला निघून गेली. तिथे श्तूरा गावात तिने दुकान थाटलं आणि १९७४ साली वारली. एवढ्या जणींना उभं करणारी बाई उतारवयात गल्ल्यावर बसली.

उस्तांचं काय झालं? बायकांची वेगळी बैठक मोडत गेली, स्त्री-पुरुष एकाच मांडवात बसू लागले. १९७०नंतर पैसा आला, बाहेरचे हौशे-नवशे धंद्यात शिरले, सुपारी घेणारे पुरुष दलाल आले. नुक्त्याची चढाओढ इतकी वाढली की नाचापेक्षा माईकवर देणाऱ्यांची नावं पुकारणंच जास्त वेळ चालू लागलं. पोरींना शिकवायला कुणाला फुरसत राहिली नाही, आणि उस्ताला कुणी विचारीना.

१९७२ साली कैरोत 'खल्ली बालक मिन झूझू' नावाचा सिनेमा आला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. झूझू ही मुहम्मद अली रस्त्यावरच्या आल्माची लेक, कॉलेजात हुशार. आईचा धंदा तिने तिथे लपवलेला. एका श्रीमंत घरी तिच्या वाईटावर असलेले लोक मुद्दाम आईच्याच ताफ्याला बोलावतात. आई आता जाडजूड, वय झालेली. ती नाचायला उभी राहते आणि पाहुणे हसू लागतात. तेव्हा झूझू सगळ्यांसमोर पुढे होते आणि आईच्या जागी स्वतः नाचते. आईचं काम केलं होतं ताहिया कारिओकाने, त्याच बदियाच्या ताहियाने.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत आजींना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग त्या रात्रीचा विसार कुणी घेतला होता?"