उन्हाची साठवण

आगाशीची सुकेळी, कुरडया, सुके बोंबील यांमुळे आपल्या वसईच्या अंगणांना उन्हाचे मोल कोणी शिकवावे लागले नाही. मात्र वाळवणावर पडणाऱ्या उन्हाची ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते. ती काचेआड कोंडता येते, हे जिनीव्हाच्या ओरास द सोस्यूर यांनी १७६७ साली प्रयोगाने दाखविले. पुढे आतून काळ्या केलेल्या, काचेच्या झाकणांच्या त्यांच्या पेटीत पाणी उकळण्यापेक्षाही अधिक उष्णता साठली.

या पेटीचा पुढचा अध्याय चक्क मुंबईत घडला. विल्यम अ‍ॅडम्स हे येथील उच्च न्यायालयात उपनिबंधक होते. लाकूड-कोळसा महाग पडणाऱ्या देशात एवढे ऊन वाया जावे, हे त्यांना पटेना. त्यांनी आठ आरशांची झुकती भिंत उभारून तिचा प्रकाश काचेखालच्या भांड्यावर पाडला. सात शिपायांचे मांस व भाजी त्यात दोन तासांत शिजली, तीही जानेवारीत, असे त्यांनी १८७८ च्या आपल्या पुस्तकात नोंदविले. मुंबईचा जानेवारी तो काय थंड, असे कोणी म्हणेल. पण त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, हे विसरू नये.

तरीही सूर्यचूल आपल्या स्वयंपाकघरात रुजली नाही. याचा दोष गृहिणीला देणे मला अन्यायाचे वाटते. पहाटे भाजी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईची चूल सूर्याच्या आधी पेटते, आणि भाकरी काही पेटीत भाजत नाही.

पाण्याचे मात्र जमले. अमेरिकेत १८९१ साली क्लॅरेन्स केम्प यांनी काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवल्या. परंतु त्यांतले पाणी रात्री निवे. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी उन्हात फक्त नळ्या ठेवल्या व टाकी वेगळी, उंचावर, ऊब राखणाऱ्या आवरणात बसविली. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते. पंप लागत नाही. आज गच्चीवर दिसणारे बंब बहुतांशी याच रचनेचे.

निळसर-काळ्या वीजपट्ट्यांचे कुळ निराळे. १९५४ साली बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखविला, तेव्हा प्रकाशाचा सुमारे सहा टक्के भागच विजेत उतरत होता. आज हे प्रमाण वीस टक्क्यांपलीकडे गेले आहे. रात्रीचा प्रश्न येथे नेट मीटर सोडविते: दिवसाची जादा वीज तारेत जाते, रात्रीची तारेतून येते. फक्त बॅटरी नसेल, तर बाहेरची वीज जाताच भर दुपारीही ही यंत्रणा बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून तशी योजनाच असते.