वय मोजण्याची पट्टी

मुलुंड किंवा बोरिवलीतल्या एखाद्या घरात पंचाहत्तरीच्या आजींना कर्करोग झाल्याचे कळले, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "आता या वयात कशाला त्यांचे हाल करायचे?" हे एक, आणि "काहीही करा डॉक्टर, पण सगळे उपचार करा" हे दुसरे. दोन्हींमागे माया असते. पण एक गोष्ट विचारायची राहूनच जाते. या आजी नेमक्या किती म्हाताऱ्या आहेत? जन्मतारखेवरून याचे उत्तर मिळत नाही, हे उमगायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

परळचे रुग्णालय आणि उपनगरांची नोंद

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला कर्करोगाचे खास रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे टाटा मेमोरियल रुग्णालय. त्या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. याचा अर्थ बत्तिशीत सगळे मरत असत, असा नव्हे. बालमृत्यू फार असल्याने सरासरी खाली येई. तरीही सत्तरी गाठणारे थोडेच असत. त्यामुळे वृद्धांचा कर्करोग हा वेगळा प्रश्न म्हणून कोणासमोर उभा राहिला नाही.

वास्तविक कर्करोग आणि वय यांचे नाते घट्ट आहे. पेशीत एकामागून एक अनेक बिघाड साचले, की कर्करोग होतो. बिघाड साचायला वेळ लागतो. आर्मिटेज आणि डॉल या शास्त्रज्ञांनी १९५४ साली ब्रिटनमधील मृत्यूंच्या आकड्यांवरून दाखवले, की अनेक कर्करोगांत मृत्यूचे प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताप्रमाणे वाढते. हे गणित वर्गात सहज करून दाखवता येईल. वय ३५ वरून ७० झाले, म्हणजे दुप्पट झाले. दोनाचा सहावा घात ६४. म्हणजे धोका ६४ पट!

आपल्याकडे हे तपासायचे, तर रुग्णालयातील नोंदी पुरत नाहीत. तिथे फक्त आलेल्यांची संख्या कळते, न आलेल्यांची नाही. त्यासाठी साऱ्या वस्तीची नोंद हवी. मधल्या काळात मुंबईची हद्दही वाढली होती. १९५० साली अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत आले. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. परळचा गिरणी कामगार असो की मुलुंडचा निवृत्त कारकून, रुग्णाचे नाव, लिंग, अवयव आणि वय आता एकाच तक्त्यात येऊ लागले. वयाचा रकाना भरला जाऊ लागला; पण त्यात लिहायचा तो जन्मतारखेवरून काढलेला आकडाच.

दुसरी पट्टी

वय मोजण्याची दुसरी पट्टी कर्करोगाच्या दवाखान्यात तयार झाली नाही. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे सातशेहून अधिक जुनाट रुग्णांची जबाबदारी आली. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. "म्हातारपण" एवढेच निदान न मानता वॉरनबाईंनी प्रत्येकाला नीट तपासले. उपचार आणि व्यायाम मिळाल्यावर अनेक जण उठून चालू लागले, काही घरीही गेले.

मुंबईची नोंदणी सुरू झाली त्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांनी सहा साध्या कामांची यादी प्रसिद्ध केली. स्नान, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांतली किती कामे माणूस मदतीशिवाय करतो, हे मोजायचे. गंमत अशी, की आजारातून बरे होताना ही कामे ज्या क्रमाने परत येतात, तो क्रम लहान मूल ती शिकते त्या क्रमाशी जुळतो, असे कॅट्झ यांना दिसले. शिक्षकांना हे निरीक्षण विशेष जवळचे वाटावे.

१९९१ साली आणखी सोपी चाचणी आली. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. साधारण १२ सेकंदांहून जास्त वेळ लागल्यास पडण्याचा धोका अधिक मानतात.

दोन पट्ट्यांची गाठ

ही पट्टी कर्करोगाच्या दवाखान्यात यायला मात्र उशीर लागला. दरम्यान एक विचित्र गोष्ट उघड झाली. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार कर्करुग्णांपैकी ६३ टक्के लोक ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे होते. पण नव्या औषधांच्या चाचण्यांत त्यांचे प्रमाण फक्त २५ टक्के. म्हणजे औषध तपासायचे तुलनेने तरुणांवर आणि द्यायचे वृद्धांना!

याचा फटका कसा बसतो पाहा. मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. ते स्नायूंतून तयार होते. म्हातारपणी स्नायू झडतात, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलेले असूनही आकडा ठीक दिसतो. त्या भरवशावर पूर्ण मात्रा दिली, तर औषध शरीरात साचू शकते.

२०२१ साली अमेरिकेतील ७१८ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. सारे सत्तरीचे किंवा त्यापुढचे, आणि आजार पूर्ण बरा न होणारा. काहींच्या डॉक्टरांना चालणे, स्मरणशक्ती, पोषण, इतर औषधे अशा सर्वांगीण तपासणीचा अहवाल व सूचना दिल्या. इतरांच्या डॉक्टरांना नाही. अहवाल नसलेल्या गटात शंभरातल्या ७१ जणांना उपचारांचा तीव्र त्रास झाला, तर अहवाल असलेल्या गटात ५१ जणांना. पहिली मात्रा अनेकांना कमी दिली होती, तरी जगण्याचा काळ घटला नाही.

मुंबईत याची सुरुवात त्याआधीच झाली होती. २०१८ साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी साठीपुढील कर्करुग्णांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. अशा विभागात गाठीबरोबरच माणसाचीही तपासणी होते. गेल्या काही महिन्यांत पडलात का? वजन उतरले का? रोज किती गोळ्या घेता? विसरायला होते का? घरी सोबत कोण असते? २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नांचे मोल कळते.

उपनगरातल्या माणसाबाबत आणखी एक प्रश्न येतो. परळपर्यंत याल कसे? लोकलची गर्दी आणि पुलाचे जिने दर आठवड्याला झेपणार नसतील, तर उपचारांचे वेळापत्रक ठरवताना तेही धरावे लागते.

विद्यार्थ्यांना खुर्ची आणि तीन मीटरची चाचणी घरच्या आजी-आजोबांबरोबर करून पाहायला सांगता येईल. मात्र जवळ मोठे माणूस उभे असावे, आणि हा खेळ आहे, निदान नव्हे, हेही सांगावे. पंचाहत्तरीच्या दोन आजींचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, की एकीला पूर्ण उपचार का झेपतील आणि दुसरीला बेताचे का द्यावे लागतील, हे मुलांना समजेल. घरात तशी वेळ आलीच, तर निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचे, हेही त्यांना ठाऊक असेल.