नारळावरचा कोळी आणि त्याला खाणारा कोळी: नाव एक, वाण मात्र वेगळे

पेण-रोह्यात 'कोळी' म्हटलं की आधी दर्यावरचा माणूस आठवतो, मग भिंतीवरचं जाळं. शेतीतला कोळी हा तिसराच. गोचिडीच्या जवळचा हा जीव नुसत्या डोळ्यांनी जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो, काही तर दिसतच नाहीत. त्यातले काही पिकाचा रस शोषतात आणि काही त्या शोषणाऱ्यांनाच खातात. या दुसऱ्या गटाला भक्षक कोळी किंवा मित्र कोळी म्हणतात.

माडावरचा इरिओफाईड कोळी पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. कोवळ्या फळाच्या देठाकडील टोपीखाली लपून तो रस शोषतो. आधी टोपीखाली पांढुरका-पिवळा त्रिकोणी डाग पडतो. नंतर तो तपकिरी होतो, सालीला भेगा जातात, डिंक येतो. नारळ लहान राहतो, सोलायलाही जड जातो. भारतात ही कीड १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात पहिल्यांदा नोंदली गेली. तिचं मूळ अमेरिका खंडातलं, हे जनुकांच्या तपासणीतून २००५ मध्ये पुढे आलं: तिकडच्या कोळ्यांत विविधता भरपूर, आशिया-आफ्रिकेतल्या कोळ्यांत अगदी कमी. म्हणजे मोजकेच कोळी बाहेर पडले आणि त्यांचाच हा पसारा.

या किडीला खाणारा 'निओसियुलस बराकी' भारत आणि श्रीलंकेच्या माडांवर आढळतो. त्याचं अंग चपटं आणि लांबट, म्हणून तो टोपीखाली शिरू शकतो. पण फळ अगदी कोवळं असताना फट इतकी बारीक असते की कीड आत जाते आणि हा बाहेर राहतो. मित्र कोळी असूनही नारळाला डाग पडतात, त्याचं हे एक कारण.

आता वाणाचा मुद्दा. बराकीचा भाऊबंद 'निओसियुलस पॅस्पॅलिव्होरस' ब्राझील, बेनिन आणि घाना या तीन देशांतून आणून प्रयोगशाळेत एकत्र ठेवला गेला. नाव एकच, पण त्यांची आपसात धड पैदास झाली नाही. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे परमुलखातला मित्र कोळी इथे आणून सोडला की तो इथल्यासारखंच काम करील, असं धरून चालत नाही. थोड्याच कोळ्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या बंद खोलीत वाढवलेल्या वाणात विविधताही आटत जाते.

विविधता असली की निवडायला वाव मिळतो. कॅलिफोर्नियात मार्जोरी हॉय यांनी कीटकनाशक सहन करणारे भक्षक कोळी निवडून वाढवले आणि १९८० च्या दशकात ते बदामाच्या बागांत सोडले गेले. मुळात ती सहनशक्ती काही कोळ्यांत होती, म्हणूनच हे जमलं.

आपल्याकडे हा साठा वाडीत आणि भाजीच्या मळ्यात फुकट आहे. भेंडी-वांग्यावर लाल कोळी दिसला की लगेच जहाल फवारा मारतात. त्यात मित्र आधी मरतात आणि पंधरा दिवसांत लाल कोळी दुप्पट जोमाने परत येतो. फवारण्याआधी पानाची खालची बाजू भिंगाखाली धरावी. जाळीत संथपणे फिरणारा तो लाल कोळी. फिकट, चकचकीत आणि भराभर पळणारा दिसला, तर तो बहुधा मित्र.

माडासाठी कासरगोडच्या केंद्रीय संस्थेची शिफारस मुळातून औषध देण्याची आहे: ५ टक्के अझाडिरेक्टीनचं कडुनिंबयुक्त औषध ७.५ मिली आणि तेवढंच पाणी, वर्षातून तीनदा. त्यात शेंड्यावर फवारा पडत नाही, मित्र कोळी थेट सापडत नाहीत. तयार नारळ आधी उतरवावेत, पुढची काढणी ४५ दिवसांनंतर. डाग कोळ्याचाच आहे का, अशी शंका असेल तर गळलेलं कोवळं फळ टोपीसकट पिशवीत घालून रोह्याजवळ किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येईल.