घासून भागलं नाही, तेव्हा

चिकटवण्याचा इतिहास आपण बहुधा गोंदाचा म्हणून सांगतो. आज आपण तो पृष्ठभागाच्या बाजूने पाहू.

१९८० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीचं 'पीक' हे प्लास्टिक कार्बनच्या तंतूंसोबत विमानांच्या भागांसाठी पुढे आलं. चिवट, आणि तापवलं की पुन्हा वितळणारं. अडचण अशी, की इपॉक्सी त्याला धरेना. इपॉक्सीत बांधलेल्या जुन्या कॉम्पोझिटची रीत सोपी होती: पॉलिश पेपरने घासा, द्रावकाने पुसा, चिकटवा. तेच इथे केलं, तर सांधा थोड्या जोरात सुटायचा.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अँथनी किनलॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रश्न खडबडीतपणाचा नव्हता, रसायनाचा होता. पृष्ठभागावर इपॉक्सीशी नातं जोडणारे ऑक्सिजनचे गट पुरेसे नव्हते. उपाय मिळाला पॅकेजिंगच्या धंद्यातून. प्लास्टिकवर शाई धरावी म्हणून डेन्मार्कच्या व्हर्नर आयस्बी यांनी १९५१ मध्ये कोरोना वापरला होता. कोरोना म्हणजे तो आजार नव्हे बरं का, हवेतला विजेचा विसर्ग! त्याने हे गट वाढले, आणि मग गोंद सुटण्याआधी कॉम्पोझिटच फाटू लागलं.

पण एक गोष्ट आजही सुटलेली नाही. अल्ट्रासाउंडने सांध्यातली पोकळी दिसते, कच्ची पकड दिसत नाही. म्हणून विमानाच्या सांध्यावर आपण विश्वास टाकतो, तो गोंद लावण्याआधी झालेल्या कामावर.